बसलेल्या माणसाचं माप

१

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला आधी कात्र्या कुठे ठेवतात ते दाखवण्यात आलं आणि मग स्वयंपाकघर. माझी काही तक्रार नव्हती. शिंप्याची मुलगी शिंप्याच्याच घरी आली होती. तिकडे बायकांचे कपडे शिवायचे, इकडे पुरुषांचे कोट, एवढाच काय तो फरक.

खाली दुकान, वर घर. दुकानाचं दार उघडलं की वर टांगलेली घंटा वाजते. उजवीकडे कापायचं लांब टेबल, डावीकडे शिवणाची दोन मशिनं आणि मागच्या भिंतीला लागून मापाची खोली. खोली कसली, लाकडी खोकंच ते. आत एक स्टूल, एक टांगलेला दिवा आणि दाराऐवजी जाड हिरवा पडदा. पडदा जमिनीपासून वीतभर वर राहतो, त्यामुळे आत कोण आहे ते पायांवरून कळतं. आरसा नाही. माप घ्यायच्या जागी आरसा नाही असं दुकान मी पहिल्यांदाच बघत होते. विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक आरशात बघायला लागलं की पोट आत घेतं. खोटं माप मिळतं."

मला ते पटलं. सासूबाईंचं बोलणं नेहमी पटतं, हीच त्यांच्यासोबत राहण्यातली अडचण.

नवरा कापायचा, मी शिवायचे आणि माप सासूबाई घ्यायच्या. मापाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या पडद्याआडून मापं सांगायच्या आणि मी टेबलाशी उभी राहून ती खडूने थेट कापडावर उतरवायचे. "मी दिसतं तेच माप घेते," असं त्या गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत. गिऱ्हाइकं मान खाली घालून ऐकून घेत, कारण कोट उत्तम व्हायचे.

सासूबाईंसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे, वरच्या खोलीत गेल्यावर 'अरे'. त्या दोन शब्दांच्या मधल्या जिन्यावर आमचा संसार चालला होता, आणि तो तिथेच राहू नये म्हणून आम्हाला इथून जायचं होतं. दुसऱ्या गावातल्या तयार कपड्यांच्या कारखान्याने नवऱ्याला कापणारा म्हणून बोलावलं होतं. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही.

"जा की. मी कुठे पाय धरून ठेवलेत? थोरल्याचा कोट होऊ दे, कार्यक्रम होऊ दे, मग त्याच दिवशी जा."

२

थोरला म्हणजे माझे मोठे दीर. टेबलाच्या वर त्यांचा फोटो आहे. कान जरा मोठे, बाकी देखणा माणूस. युद्धात ते बॉम्बफेकी विमानावर होते. विमानाच्या अगदी शेपटीत, मागे तोंड करून बसणारा बंदूकवाला असतो, तो. एका मोहिमेत ते बेपत्ता झाले. माझा नवरा तेव्हा शाळेत होता.

त्यांच्याबद्दल या घरात 'गेला' म्हणायचं नाही. 'यायचाय' म्हणायचं. नवी होते तेव्हा मी चुकून "दादा गेले त्या वर्षी" असं म्हणाले, तर सासूबाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या न काढता माझ्याकडे पाहिलं. तोंडात टाचण्या असताना बाई कशी बघते ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

दरवर्षी विमानतळावर युद्धात हरवलेल्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होतो. त्याच्या आधी आमच्याकडे थोरल्यांचा कोट नव्याने होतो. कोट तोच, राखाडी. तो पूर्ण उसवायचा, लागेल तिथे कापड जोडायचं आणि त्या वर्षीच्या मापाने पुन्हा शिवायचा. माणसाचं वय वाढतं, अंग बदलतं. आल्यावर त्याने जुन्या मापाचा कोट घालायचा का, असा सासूबाईंचा सवाल. मला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. आईने कशात तरी जीव रमवायचाच.

पण शिंपीण म्हणून एक प्रश्न मला पडला. वर खोलीत आल्यावर मी विचारलं, "अरे, माप कुणाचं घेतात?"

"माझं," नवरा म्हणाला. "म्हणजे बसतो मी. स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. आई मागून घेते."

"कोटाचं माप बसवून कोण घेतं?"

"दादा बसलेला असायचा ना तिथे, शेपटीत."

"आणि आकडे तुझे?"

तो जरा थांबला. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, त्याला फक्त थांबता येतं. "लहान होतो तेव्हा टेप मला लागायचीच नाही. माझ्याभोवती हवेत फिरायची. मला हसू यायचं. आई म्हणायची, हसवू नकोस, त्याला गुदगुल्या होतात."

मीही हसले. मग त्या रात्री आम्ही दिवा मालवला नाही.

शेजारच्या घड्याळवाल्यांकडून मला पुढचं कळलं. त्यांना ती गंमत वाटत होती. "या दिवसांत तुझा नवरा म्हातारा होतो बघ. पोक काढून चालतो, सारखा मागे वळून बघतो. पूर्वी दोन दिवसांत सरळ व्हायचा. मागच्या खेपेला महिना लागला! या वर्षी कायमचाच वाकला तर सांग, काठीला सवलत देतो."

मी त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "या वर्षी बसू नकोस."

"आईला काय सांगू?"

"माझं नाव सांग. नाहीतरी सगळं माझ्याच नावावर जमा होतंय."

३

कार्यक्रमाच्या आठवड्यात वायरलेसवाले आले. ते थोरल्यांच्याच विमानात वायरलेसवर होते आणि दरवर्षी येतात. गोल चेहऱ्याचा, खोकत हसणारा माणूस. दुकानात त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला टेकवली आणि मगच बसले.

"पाठीशी भिंत असली की चहा गोड लागतो, वहिनी," ते मला म्हणाले.

सासूबाई दोरा आणायला बाजारात गेल्या होत्या. मी विचारलं, "विमान कुठे पडलं?"

"पडलं?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही वाटतं. विमान परत आलं. आम्ही सगळे परत आलो. मागचा सोडून."

ते सांगत होते तेव्हा भर दुपार होती, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. शेपटीतल्या माणसाला कुणी बघू शकत नाही, त्याचा फक्त आवाज येतो. वायरलेसवाले सगळ्या परतीच्या वाटेवर अधूनमधून त्याला विचारत होते, मागे काय? तो सांगत होता, मागे ठीक. विमान उतरलं, चाकं जमिनीला लागली, तेव्हाही म्हणाला, मागे ठीक. मग त्यांनी शेपटीचं दार उघडायचा प्रयत्न केला. दाराला आतून कडी होती. ती तोडावी लागली. हवाई छत्री बाहेरच्या खुंटीला तशीच. काच कुठे फुटलेली नाही.

"आणि आत?"

"आत कुणी नाही. बसायची गादी तेवढी खाली दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते तशी." ते खोकले, पण हसले नाहीत. "आम्ही कुणी हात लावला नाही. लोटून घेतलं दार."

"बोलत होता तो आवाज त्यांचाच होता ना?"

"हेडफोनमध्ये सगळ्यांचेच आवाज सारखे, वहिनी. सर्दी झाल्यासारखे."

तेवढ्यात घंटा वाजली. सासूबाई आत आल्या. वायरलेसवाले उठून उभे राहिले आणि ज्या कामासाठी आले होते ते त्यांनी घाईघाईने बोलून टाकलं. या वर्षी स्मारकाच्या दगडावर नावं कोरणार आहेत. आईने हो म्हटलं तर थोरल्याचंही नाव येईल. आम्हा सगळ्यांना वाटतं, आता यावं.

सासूबाईंनी दोऱ्याची रिळं एकेक करून टेबलावर मांडली.

"मेलेल्यांची नावं दगडावर घालतात," त्या म्हणाल्या. "तू बघितलास तो मेलेला? दार उघडून बघितलंस आणि लोटून घेतलंस. आत जाऊन हात फिरवला असतास तर कळलं असतं तुला. निघ. आणि खुर्ची होती तिथे ठेव."

त्यांनी खुर्ची होती तिथे ठेवली. जाताना ते आमच्या मापाच्या खोलीकडे पाठ करायला तयार नव्हते. एक हात दाराकडे लांबवत, उलटे चालतच ते बाहेर पडले.

४

नवऱ्याने आईला सांगितलं. माझं नाव न घेता सांगितलं, म्हणून मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याची कीवही आली.

"मी यंदा बसणार नाही, आई."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "घरात नवीन माणूस आलं की जुन्याला उठावं लागतंच." एवढंच. मला वाटलं होतं आदळआपट होईल. ती झाली असती तर मी निर्धास्त झोपले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टेप गळ्यात घातली. नवरा दाराशी एका गिऱ्हाइकाशी बटणांवरून हुज्जत घालत होता. मी टेबलाशी, राखाडी कापड पसरून. सासूबाई पडद्याआड गेल्या. पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या उभ्या होत्या.

आणि स्टूल करकरलं.

वजन पडल्यावर ते करकरतं. मी रोज ऐकते. मी स्वतःला म्हटलं, गुडघा टेकवला असेल त्यांनी. चपला हलल्या नव्हत्या.

"लाव खडू," आतून आवाज आला. "पाठ, मानेपासून कंबरेपर्यंत. मागच्यापेक्षा दोन बोटं जास्त. पुढचा भाग तेवढाच कमी. छाती भरलीय. बाही कोपरात वाकवून धर. काखेत सैल ठेव, हात पुढे आहेत." मग आवाज खाली गेला. मी इतक्या महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता, आईचा आवाज. "झालं, झालं हं. बस. उठायचं नाही. शहाणा ना तू?"

दाराशी नवरा म्हणत होता, "अहो, काळ्या कोटाला पांढरी बटणं म्हणजे पेटीच वाटेल ती, वाजवायची." गिऱ्हाईक हसत होतं.

मी खडू चालवत राहिले. आकडे एकमेकांना जोडले की मापातून माणूस दिसायला लागतो, ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे. कापडावर जो दिसायला लागला तो गुडघे छातीशी घेऊन बसलेला होता. मान पुढे, दोन्ही मुठी तोंडासमोर काहीतरी धरून. कापडावर मागच्या वर्षीच्या शिवणीच्या खुणा होत्या, त्याच्याआधीच्याही. पोक दरसाल वाढत आलं होतं.

आणि छाती. नवऱ्याच्या छातीचं माप मला पाठ आहे, त्याला टेप लागत नाही. ही त्याच्या दीडपट होती.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी मला स्वतःहून वाढलं. "सांगितलंय तसंच शिव," म्हणाल्या. "तुझं डोकं तुझ्या माहेरच्या झंपरांना लाव. याला नको."

५

मी विचार केला. विचार करणं ही माझी जुनी खोड आहे.

म्हातारी बाई, हरवलेला मुलगा. दर साल त्याला थोडा म्हातारा करत नेते, थोडा वाकवत नेते. आकडे तिच्या डोक्यातले. स्टूल जुनं, लाकूड दुपारी करकरतंच. वायरलेसवाल्यांनी युद्धात जे पाहिलं असेल त्यातून गादीची गोष्ट निघाली असेल. यात न समजण्यासारखं काय आहे? फक्त या सगळ्याखाली माझा नवरा वाकत चालला होता. आता तो बसला नव्हता, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून पुढच्या वर्षी बसेल, गाडी पकडून इथे येऊन बसेल. हे मोडायला हवं होतं, आणि ते भांडून मोडणार नव्हतं.

म्हणून मी कोट सरळ शिवला.

छाती तीच ठेवली, खांदे तेच, बाहीची लांबी तीच. फक्त पाठीचं पोक काढून टाकलं, पुढचा भाग खाली सोडला, कोपर सरळ केलं. उभ्या माणसाचा कोट. आत कुणी नसलं की तक्रारही येणार नाही. खुंटीवर तो एखाद्या धडधाकट माणसासारखा लटकला, की सासूबाईंना दिसेल, नवऱ्याला दिसेल, की हा नुसता कोट आहे. तो बरोबर घेऊन कार्यक्रमाला जायचं, नाव दगडावर येऊ द्यायचं आणि चारच्या गाडीने निघायचं.

खरं सांगते, फार छान झाला. इतकं नेटकं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. काजं करताना मी गुणगुणत होते.

६

कार्यक्रमाच्या सकाळी आमची ट्रंक दुकानात दारापाशी आणून ठेवली होती. मी कोट इस्त्री करून टेबलावर आणला, खांद्यांना धरून उभा केला.

सासूबाईंनी तो पाहिला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मानेपासून खाली. हात जिथे फुगीर जागी चढायला हवा होता तिथे सरळ घसरला. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"अगं," त्या म्हणाल्या, "उभा राहील ना तो."

"कोण, आई?"

"इतकी वर्षं मी..." त्यांनी कोट माझ्या हातातून ओढला. "उसव. आत्ताच्या आत्ता उसव!"

तेव्हा माझा नवरा पुढे झाला. भांडण मिटवणारी माणसं नेमकी कुठे पाय टाकतात बघा. त्याने हसत हसत आईच्या हातातून कोट घेतला. "दे इकडे. मी घालून दाखवतो. मला ढगळ होईल, तुम्ही दोघी हसाल, आणि मग निघू." मी म्हणाले, "घाला, घाला." हो, मीच म्हणाले. तो पडद्याआड गेला.

पडद्याखाली त्याचे बूट दिसत होते, आज मुद्दाम पॉलिश केलेले. अस्तराची सळसळ ऐकू आली. मग तो म्हणाला, "अरे, गार आहे हा आतून."

स्टूल करकरलं. मग जे ऐकू आलं ते माणूस उठण्याचं होतं. फार वर्षांनी उठावं तसं. गुडघे, मग कंबर, मग एकामागून एक पाठीचे मणके, लाकडी घडी उलगडावी तसे. वर टांगलेला दिवा कशाला तरी लागून हलला. माझ्या नवऱ्याचं डोकं त्या दिव्याला पोचत नाही.

पडद्याखाली त्याच्या बुटांच्या मागे आणखी दोन पावलं होती. मी ती पाहिली की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही, कारण त्याच क्षणी सासूबाईंनी माझी मान धरली आणि माझं तोंड टेबलावर, कापडात दाबलं. सगळ्या जोरानिशी.

"बघू नकोस. मीही बघत नाही."

पडद्याच्या कड्या सरकल्या. कुणीतरी आमच्या जवळून गेलं. गेलं म्हणजे गार वारा गेला, पहिल्यांदा. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला कोटाची खालची कड दिसली. ती अगदी सरळ होती, कुठे ओढ नाही, कुठे चूण नाही. घंटा वाजली.

सासूबाईंनी मान सोडली तेव्हा मी खोलीकडे धावले. नवरा स्टुलावर बसला होता. अंगात नुसता सदरा, भिंतीकडे तोंड, गुडघे छातीशी, दोन्ही मुठी समोर. मी हाक मारली. मी 'अरे' म्हणाले, त्याच्या आईसमोर.

"उठता येत नाहीये," तो म्हणाला. "तू आहेस का मागे? मला वळता येत नाही."

मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. सदऱ्याच्या आत त्याचं अंग लोखंडी कठड्यासारखं गार होतं. मागून सासूबाईंनी गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"माझा मी सांभाळत होते," त्या म्हणाल्या. "आता तुझा तू सांभाळ."

७

डॉक्टर आले. गुडघे ठोकून पाहिले, पाठीवर बोटं फिरवली. कणा शाबूत आहे, म्हणाले, सांधेही ठीक. मनाचं काहीतरी आहे, गरम पाण्याने शेका. जाताना कोटाची चौकशी केली. बाजारात तुमच्या यजमानांसारखं कुणीतरी पाठमोरं दिसलं, काय सुरेख कोट होता, तसाच शिवून मिळेल का?

तसा कोट सगळ्यांनाच हवा होता. दुकान कधी नव्हे इतकं चाललं. घड्याळवाले म्हणाले, "काल चौकात दिसला तुझा नवरा. ताठ झाला की एकदम! हाक मारली, वळला नाही. कारखान्याची नोकरी लागली म्हणून शिष्ट झाला वाटतं." मी म्हणाले, असेल. कार्यक्रमात वायरलेसवाले भाषण चालू असतानाच उठून पळत सुटले, तेही घड्याळवाल्यांनीच सांगितलं. गर्दीत सगळ्यात मागे कुणीतरी उभं होतं, त्याच्याकडे बघून.

सासूबाई वरच्या खोलीतून खाली येईनाशा झाल्या. दाराला आतून कडी. जेवणाचं ताट बाहेर ठेवलं की कडीचा आवाज, मग पुन्हा कडीचा आवाज.

मी नवऱ्याला तिथेच, पडद्याआड स्टुलावर, घोंगड्या पांघरवत होते, चमच्याने भरवत होते. "काय दिसतं भिंतीवर?" एकदा विचारलं. "भिंत नाहीये इथे," तो म्हणाला. मी घोंगडी आणखी वर ओढली. दर दोन दिवसांनी मी त्याच्या पाठीला टेप लावत होते. ती वाढत होती. कारखान्याची जागा दुसऱ्याला गेली असणार. मला आता दोन खोल्या नको होत्या. तो उभा राहायला हवा होता, बस्स.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी प्रत्येक शिंप्याला माहीत असते. नवा कोट पहिल्या महिन्यात एकदा तरी दुरुस्तीला परत येतो.

म्हणून मी दुसरा कोट शिवून ठेवला. त्याच राखाडी रंगाचा, सासूबाईंनी सांगितलेल्या मापाचा. दोन बोटं जास्त पाठ, वाकलेलं कोपर, सगळं पोक जिथल्या तिथे. या वेळी त्यात माझं डोकं अजिबात लावलं नाही.

८

तो दुपारी आला. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडत होतं. घंटा वाजली आणि मी मशिनवरून मान वर केली, तर तो आत येऊन रस्त्याकडे तोंड करून उभा होता, माझ्याकडे पाठ. कान जरा मोठे.

"काखेत आवळतो," तो म्हणाला. सर्दी झाल्यासारखा आवाज.

माझ्या तोंडातून दुकानातलंच बोलणं आलं. तेवढं एक मला जमतं. "होतं असं, भावोजी. सैल करून देते. तोवर हा दुसरा घालून बघा. मापाचाच आहे." मी खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. "बसून घालायचा आहे. या, बसा."

तो हलला नाही.

"कसं बसू?" तो म्हणाला. "विसरलो मी. दाखव."

हे ऐकून मला इतका राग आला, की भीती मागेच राहिली. मी खुर्चीशी गेले, त्याला दाखवण्यासाठी म्हणून गुडघे वाकवले. तेवढ्यात मापाच्या खोलीत स्टूल करकरलं.

मी चटकन सरळ उभी राहिले. करकर थांबली. पडद्याआडून नवरा विव्हळला.

पुन्हा थोडी वाकले. स्टूल पुन्हा करकरलं आणि पडद्याआड एक गुडघा कडकडला. उठणाऱ्या माणसाचा. माझ्या माणसाचा, तो उठताना नेहमी डावा गुडघा वाजतो, पहाटे मी त्यानेच जागी होते.

दाराशी तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, गिऱ्हाईक ट्रायलसाठी उभं राहतं तसा, अजिबात घाईत नसलेला.

"अरे," मी मोठ्याने म्हणाले, "ऐक. उठता आलं की थांबू नकोस. मला शोधू नकोस, इकडे बघू नकोस. सरळ दाराबाहेर पड आणि गाडी पकड."

"तू?" आतून आवाज आला.

"मी येते मागून."

आणि मी बसले. खुर्ची अगदी गार होती. माझे गुडघे आपोआप वर आले, हात पुढे झाले. माझ्या मागे पडद्याच्या कड्या सरकल्या, बूट वाजले, धावले, अडखळले, थांबले. कुणीतरी श्वास रोखून धरला होता. मग आणखी कुणीतरी वळल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, नव्या कापडाचा.

घंटा वाजली. एकदाच. कोण बाहेर पडलं ते बघायला मला वळता आलं नाही.